पेज कुणी मोजत नाही

वजन घटल्याशिवाय मूल राहायचं नाही, असं शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं तेव्हा लग्नाला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी कॅलरीचं गणित समजावलं: कामात जेवढं जळतं, त्याहून कमी पोटात गेलं पाहिजे. भाकरीच्या इतक्या, भाताच्या इतक्या, तेलाच्या तर विचारूच नका. आमची तांदळाची भाकरी ताटाएवढी, म्हणून अर्धीच खायची.

किन्हवलीला घरी मी अर्धी भाकरी खाऊन उठायची. कुणी लाडू दिला तर पदरात बांधून आणायची आणि नवऱ्याला द्यायची. भुकेने डोकं भणभणायचं, कुणी प्रेमाने बोललं तरी अंगावर जायची. आणि काटा मेला दर खेपेला वरच! बाई म्हणाल्या, "चोरून खाता तुम्ही." त्या दिवशी एसटीत तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडले. देवा, आणखी किती उपाशी राहू?

पुढच्या खेपेला नवरा बरोबर होता. त्याला राहवेना. "बाई, ती सकाळची नुस्ती पेज पिऊन कामाला लागते. दुसरं काय खात नाय."

"पेज?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "मला का नाही सांगितलं?"

काय सांगणार? आमच्याकडे पेज पितात, खात नाहीत. पेज प्यालेली बाई दुपारी बेलाशक सांगते की सकाळपासून पोटात काही नाही. आणि माझी पेज तर सासू मुद्दाम दाट करायची, वर समोर बसून तांब्याभर पाजायची.

घरी येऊन मी तिच्यावर तोंड सोडलं. ती म्हणाली, "रिकाम्या पोटात पोर कसं ऱ्हाईल गो? म्हून तांदूळ जास्ती घालीत होते."

दुसऱ्या दिवसापासून तिने चुलीवर पेज ठेवली नाही. स्वतःही प्यायली नाही. हळूहळू काटा उतरला. बाई खूश झाल्या, आता वाट बघा म्हणाल्या. चोळ्या सैल होत गेल्या तशी माझी आशा वेड्यासारखी वाढत गेली.

पण पाळी काही चुकली नाही. महिने गेले, तरी दर महिन्याला मी पडवीत बाजूला बसतच होते. एकदा सासू लांबून ताट सरकवायला आली आणि तिथेच मटकन बसली.

"तुला उपाशी पण ठेवली गो मी," ती म्हणाली. "आता काय करू?"