अकरा मिनिटांचं हसू

पार्वतीवहिनींनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि माझ्या टीपॉयवर ठेवला. निळा, झाकण हरवलेला, सुनेकडून मागून आणलेला.

"मॅडम, यांचा आवाज यात भरून द्या. सगला नको. दोन-तीन कार्यक्रम दिलेत तरी आमाला पुरं."

"हे" म्हणजे धनाजी घरत. जासईकडचे, मिठागरवाल्या घरातले. दिवसभर कंटेनर यार्डाच्या गेटवर पास बनवायचे आणि संध्याकाळी स्टेजवर उभे राहून लोकांना कवितेतून चिमटे काढायचे. सुरुवात गणपतीच्या मंडपात झाली. मग हळदी, साखरपुडे, पक्षांच्या सभा. ज्याच्या स्टेजवर उभे त्याचीच टोपी उडवायचे, त्यामुळे सभा लवकर बंद झाल्या. मी रेडिओत एकतीस वर्षं कार्यक्रम निर्माती होते. एका हळदीत त्यांना ऐकलं आणि रेडिओवर आणलं. आठवड्याला दहा मिनिटं, सलग नऊ वर्षं.

तीन महिन्यांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. माणूस जगतो, जेवतो, श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घेतो. बोलत मात्र नाही. घरी नातीची पाटी होती, ती घेतली. पहिला महिना पाटीवर डॉक्टरचीसुद्धा थट्टा चालली होती म्हणे. मग पाटी खाली ठेवली ती ठेवलीच.

"आता भूक लागली तरी लिवत नाय," वहिनी म्हणाल्या. "परवा काय वाटलं कोन जाने, पाटी मागितली. लिवलं, माजा आवाज मॅडमकडे हाय. मंग मी आले."

"शोधते," मी म्हणाले.

खोटं बोलले. शोधायला काही उरलेलं नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या माहीत होतं.

त्या काळी आम्ही टेपवर काम करायचो. टेप महाग आणि कायम कमी. कार्यक्रम लागला की काही आठवड्यांनी ती टेप बल्क इरेझरवर जायची. हे एक जड यंत्र, घरघंटीसारखं गुरगुरणारं. त्यावर टेपचं चाक ठेवून फिरवायचं. दोन मिनिटांत आतला आवाज जातो आणि टेप परत कोरी. जे राखायचं असेल त्याला जतनाचा फॉर्म भरायचा. कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि का राखायचं याच्या तीन ओळी. तो निर्मात्याने भरायचा. म्हणजे मी.

आमच्या केंद्राच्या साहेबांना एकदा विचारलं होतं.

"सर, घरतांचे काही कार्यक्रम लायब्ररीत ठेवूया?"

"भजनं ठेवा, नाट्यसंगीत ठेवा. ही आजची चेष्टा. उद्या कोण ऐकणार?"

"पण सर, लोक पत्रं पाठवतात."

"मग पत्रं ठेवा. टेप कुठून आणू मी?"

साहेब नाही म्हणाले, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. खरं सांगायचं तर साहेबांनी कधी कोणाचा फॉर्म अडवला नाही. मी भरून समोर ठेवला असता तर कुरकुरत सही केली असती. मी भरला नाही. मलाही आतून तसंच वाटत होतं, की हे आजचं आहे, उद्या नवीन येईलच. घरत आहेतच की.

घरतांनी स्वतःकडे काही ठेवलं नाही, कारण त्यांना वाटलं रेडिओकडे आहे. मोबाइल आले तोवर त्यांचं स्टेज सुटलं होतं. हळदीला डीजे आला, कविता कोण मागतो? पुतण्याच्या लग्नातला एक व्हिडिओ आहे. त्यात घरतांचे ओठ हलतात आणि डीजे ऐकू येतो.

तरी मी साळव्यांना फोन केला. आमचे टेक्निशियन, अजून नोकरीत. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, रजिस्टर बघितलं. सगळे पुसलेत. सह्या तुमच्याच आहेत."

"माहीत आहे मला."

"फक्त तुमचं लाफ्टर सापडलं. कॉम्प्युटरवर घेऊन ठेवलंय कोणीतरी."

लाफ्टर म्हणजे काय ते सांगते. घरत स्टुडिओत काचेसमोर एकटे बसले की त्यांची कविता पडायची. "मॅडम, काचेला हसवू का?" म्हणायचे. म्हणून त्यांचं रेकॉर्डिंग आम्ही पनवेलच्या एका शाळेच्या हॉलमध्ये करायचो, समोर दोन-अडीचशे माणसं बसवून. ती माणसं अशी हसायची, की ते हसू मी ब्लेडने कापून वेगळ्या टेपवर जोडून ठेवलं. पुढे स्टुडिओत एखादं प्रहसन फुसकं निघालं की त्याखाली हे हसू लावायचं. किती टुकार विनोद मी घरतांच्या हशावर तारले, मोजदाद नाही.

फाइल आली. अकरा मिनिटं. मी हेडफोन लावून तीनदा ऐकली. कुठे एखादा शब्द, खाकरणं, श्वास राहिला असेल म्हणून. काही नाही. मी इतकं नीट कापलं होतं, की हसू सुरू होण्याआधीचं अक्षर कुठेच उरलं नव्हतं. या सफाईचा मला तेव्हा फार अभिमान होता. त्या दुपारी मी माझ्याच टेबलावर डोकं ठेवून रडले.

फोनवर सांगून मोकळं व्हावं असं दोनदा मनात आलं. मग रिक्षा केली आणि विचुंब्याला गेले. मुलाच्या फ्लॅटवर राहत होते ते. घरत खिडकीशी खुर्चीत बसले होते, गळ्याला पांढरं फडकं. मला बघून दोन्ही हात जोडले आणि लगेच माझ्या हातातल्या पेनड्राइव्हकडे बघितलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"घरत, तुमचा आवाज नाही माझ्याकडे. कार्यक्रम पुसले. मीच पुसायला दिले, माझ्याच सहीने."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या, "तुमी पुसलं? आमी इतकी वर्सं समजत व्हतो, का तुमच्याकडं जपून हाय."

"हो. जपायला पाहिजे होतं. नाही जपलं."

"मंग यात काय आनलंय?"

"हसू. लोकांचं. तेवढंच राहिलंय."

मला वाटलं, आता मला जायला सांगतील. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. घरतांनी बोटाने टेबलावर टकटक केलं. लावा.

मुलाच्या लॅपटॉपवर मी फाइल लावली. पहिलं हसू आलं, मोठं, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारं. घरतांनी मान तिरकी केली. ते संपायच्या आत हात पुढे केला, वहिनींनी पाटी दिली. त्यांनी लिहिलं: स्कॉर्पिओ. मग दुसरं. पाटी पुसून लिहिलं: सरपंचाचा सत्कार. तिसऱ्याला त्यांनी लिहिलंच नाही, नुसते खांदे हलले. ते हसत होते, आवाजाशिवाय. कुठलं हसू कुठल्या ओळीचं, हे त्या माणसाला एकूण एक माहीत होतं. मी ते कापताना ओळ लिहून ठेवायचीही तसदी घेतली नव्हती.

शेवटचा तुकडा छोटा होता. टेपच्या डब्यावर माझ्या अक्षरात शेरा होता, तो साळव्यांनी फाइलच्या नावात तसाच ठेवला होता: "तुटकं. वापरू नये." हॉल जोरात हसायला लागतो आणि मध्येच गप्प होतो. एकदम. तसलं हसू कुठल्याच प्रहसनाखाली बसेना.

ते ऐकलं आणि घरत खुर्चीत पुढे सरकले. ओठ हलायला लागले. पाटीकडे हात गेला, पण लिहिण्याआधीच वहिनी बोलल्या, दाराला टेकून, पदराला हात पुसत.

"शेत इकलं, टावर झाला, गेटवर वाचमन हाय,
माज्याच बांदावर इचारतो मना, काका, काम काय?"

"तुम्हाला पाठ आहे?" मी विचारलं.

"घरात चोवीस तास तेच. कान बंद करता येतात का?"

घरतांनी हात वर केला. पुन्हा, अशी खूण. वहिनी लाजल्या, पण म्हणायला लागल्या. "इचारतो मना"वर घरतांनी तळहात दाखवून त्यांना अडवलं. तसाच धरून ठेवला. वहिनी थांबल्या, मीही बटणावर बोट ठेवून थांबले. मग त्यांनी हात खाली सोडला. वहिनी म्हणाल्या, "काका, काम काय?" आणि मी हसू सोडलं.

हॉल हसला. मग तुटला, तिथेच. तुटायचाच होता. समोर बसलेल्या निम्म्या माणसांची शेतं गेलेली होती. हसता हसता ते त्यांच्या लक्षात यायचं. त्या कवितेला घरतांना हवं होतं ते हेच, आणि मी त्यावर "वापरू नये" लिहिलं होतं.

त्यांनी पाटीवर लिहून माझ्यापुढे धरली: बरोबर कापलंय.

त्यानंतर चार वेळा मी विचुंब्याला गेले. वहिनी म्हणायच्या, घरत हाताने थांबवायचे, मी फोनवर रेकॉर्ड करायचे. सतरा कविता झाल्या. अठरावी वहिनींना अर्धीच आठवत होती. घरत उरलेली पाटीवर लिहायला लागले, पण त्या दिवशी दमले, पुढच्या वेळी करू असं ठरलं. आठवडा गेला नाही तोच ते गेले.

सतरा कविता मी तीन ठिकाणी कॉपी करून ठेवल्या आहेत. त्यातले थांबे कापलेले नाहीत. अठरावी अर्धीच राहिली.

नव्या मुलांना शिकवायला मला कधीमधी बोलावतात. माइक, एडिटिंग त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी त्यांना एवढंच सांगते, की टेप पुसायला दोन मिनिटं लागायची आणि जतनाचा फॉर्म भरायलाही दोनच लागायची.