अर्ध्या डोक्यावरचा उजेड

मी तेव्हा देवळाली प्रवराजवळच्या एका वस्तीशाळेत शिकवत होते. एकदा पहिलीतल्या एका मुलीची बेरीज तपासायला वाकले, तर ती म्हणाली, "बाई, पाटीवर राख पडली." राख कसली, माझ्या डोक्याच्या खपल्या होत्या त्या. तिने फुंकर मारून उडवल्या आणि पुढची बेरीज दाखवली. तिला त्यात काही वाटलं नाही. मोठ्या माणसांना मात्र वाटायचं. शाळेतल्या दुसऱ्या बाई माझ्या शेजारी बसेनाशा झाल्या होत्या.

डोकं लाल व्हायचं, सुजायचं, रात्रभर खाजायचं. कडुलिंबाचा पाला, करंजाचं तेल, आंबट दही असं सगळं लावून झालं होतं. हा महारोगच असावा, असं आईच्या मनाने घेतलं. तोंडाने ती तसं कधी म्हणाली नाही, पण माझी फणी आणि उशी तिने वेगळी केली, आणि माझी वेणी घालणं सोडलं. वर्षभर तिचा हात माझ्या डोक्याला लागला नव्हता.

शेवटी वडील, म्हणजे आमचे तात्या, आम्हा दोघींना घेऊन नगरच्या एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोकं नीट पाहिलं. "सोरायसिस आहे," त्या म्हणाल्या. "हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. समूळ जाईल असंही मी म्हणणार नाही."

त्यांच्याकडे अतिनील किरणांचा एक दिवा होता. लोखंडी दांड्यावर पसरट वाटीएवढा. अंगावरच्या चट्ट्यांना डांबराचं मलम लावून तो उजेड दिला की फरक पडतो, हे त्यांना ठाऊक होतं. डोक्यावर, केसांमधून तो किती पोचतो, हे ठाऊक नव्हतं. "तेच मला काही रुग्णांवर पाहायचंय," त्या म्हणाल्या. "मलम सगळ्या डोक्याला. उजेड फक्त डाव्या बाजूला. मग दोन्ही बाजू ताडून पाहू. केस काढले तर काम सोपं होईल."

आई ताडकन उठली. "बाई, नवरा गेल्यावर केस काढायचे बायकांचे. माझ्या पोरीचं अजून लगीन व्हायचं हाय."

डॉक्टरीणबाईंनी माझे केस बोटांनी बाजूला करून पाहिले. "मग एकेक भांग पाडत उजेड द्यावा लागेल. नर्सला तेवढी सवड नाही. घरचं कोणी येईल?"

आईने मान खाली घातली. तात्या म्हणाले, "मी येतो की. उसाच्या सऱ्या पाडतोच, ह्या बी पाडू."

मग आठवड्यातून दोनदा आम्ही एसटीने नगरला जाऊ लागलो. डोळ्यांवर काळा चष्मा, कपाळावर आणि कानांवर ओला रुमाल, उजव्या बाजूवर जाड फडकं. तात्या टोपी काढून खिशात ठेवायचे आणि राठ बोटांनी भांग पाडायचे. नर्स घड्याळ बघून "पुढचा" म्हणाली, की दुसरा. दिव्याला तार जळाल्यासारखा वास यायचा. तात्यांचे हात जड, केस ओढले जायचे. मी "आई गं" म्हटलं की ते थांबून स्वतःच कळवळायचे.

त्या साली पाऊस नव्हता आणि वीज वरचेवर जायची. दोन-तीन खेपा फुकट गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उन्हातही हा उजेड असतो. आता सुट्टीत घरीच सकाळच्या उन्हात बसा, थोडा थोडा वेळ. पण उजवी बाजू झाकूनच."

घरी अंगणात बसायचं म्हणजे येणारा-जाणारा बघणार. पण बसले. चार दिवस तात्यांनी भांग पाडले. पाचव्या दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी आली आणि ते शेतावर गेले. मी फडकं बांधून एकटीच बसले होते. पाठीमागे बांगड्या वाजल्या.

"सरक जरा," आई म्हणाली. तिची बोटं आधी केसांवर नुसतीच टेकली, मग हळूहळू चालू लागली. "दुखतं का गं?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

त्यानंतर ते काम तिनेच घेतलं. दोन-चार दिवसांनी तिने उजवीकडचं फडकं सोडलं. "ह्या बाजूनं काय पाप केलंय?" म्हणाली आणि तिकडेही भांग पाडू लागली. मी तिला अडवायला हवं होतं. मी शिक्षिका, परीक्षा म्हणजे काय हे मला कळत होतं. पण तिचा हात थांबेल या भीतीने मी काही बोलले नाही.

सुट्टी संपताना आई माझ्याबरोबर नगरला आली. डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या खोलीतून एका डॉक्टरांना बोलावलं. उजेड कुठल्या बाजूला दिलाय, हे त्यांना मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. त्यांनी डोकं उलटसुलट पाहिलं. "दोन्ही बाजू सारख्याच. बऱ्याच साफ झाल्यात."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. उजेडाने मलमापेक्षा जास्त काही केलं नाही, असाच त्याचा अर्थ. त्यांनी वही ओढून लिहायला घेतलं. मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं.

"बाई, उजव्या बाजूलाही ऊन दिलंय," मी म्हणाले.

"माझ्या हातून झालं ते," आई पुढे सरकली. "तिला बोलू नका."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेली ओळ खोडली. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "आता हे डोकं माझ्या हिशेबात धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर मी चुकीचं लिहिलं असतं, आणि पुढे एखाद्याला दिवा नाकारला असता."

परतीच्या वाटेवर मी खिडकीबाहेर बघत राहिले. डोकं हलकं होतं. मन नव्हतं. बाकीच्या रुग्णांचं काय निघालं, ते कधी कळलं नाही. डॉक्टरीणबाईंची पुढे बदली झाली.

थंडीत खपल्या परत आल्या. त्या तशा येतच राहिल्या, कधी कमी, कधी जास्त. मी शिकले त्यांच्यासोबत राहायला. त्या पहिल्या थंडीत आई मला अंगणात उन्हात घेऊन बसली होती. शेजारच्या काकू लांबूनच म्हणाल्या, "पोरीला काय झालंय गं? लागतं का ते?"

"सोरायशीस म्हनत्यात," आई मान वर न करता म्हणाली. "न्हाई लागत. या, बसा की."

काकू काही बसल्या नाहीत. आईने पुढचा भांग पाडला.