ड्रमवरची अक्षरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही किनवटचे नाही — उद्या दुकानासमोरून जाताना माझ्याकडे वळून बघणार नाही.

तहसीलच्या रस्त्याला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर काउंटरमागे मी आणि माझा लेसर प्रिंटर. लोकांना वाटतं कागद म्हणजे कागद, घातला की छापून येतो. तसं नसतं हो. हे मशिन शाई लावत नाही, काळी पूड कागदावर टाकून ती तापवून चिकटवतं. कागद जाड असला तर सेटिंग बदलावं लागतं, म्हणजे ते जास्त तापतं. नाही बदललं तर अक्षर दिसतं झकास, पण नुसतं वर बसलेलं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं का? — चांगलं माहीत होतं.

त्या दुष्काळात मुलींच्या वसतिगृहाची विहीर तळाला गेली होती. प्यायला टँकरचं पाणी, भांडी-धुण्याला विहिरीचं, आणि दोन्ही सारख्याच निळ्या ड्रममध्ये. गाळ खाली बसला की पाणीही सारखंच दिसायचं. म्हणून अधीक्षिकाबाईंनी मला स्टिकर छापायला सांगितले — 'पिण्याचे' आणि 'वापरायचे'. ओल्या हातांनी पुसू नयेत, असं पुन्हा पुन्हा बजावलं. मी नांदेडहून त्यासाठी प्लास्टिकचे खास शीट मागवले. लेसरच्या उष्णतेत न वितळणारे, नेहमीच्या सेटिंगवरही अक्षर घट्ट धरणारे.

शीट आले त्याच दिवशी मोठे दीर दुकानात आले, मागे त्यांच्या समितीची माणसं. किनवट जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा निघणार होता, दारोदार लावायला स्टिकर हवे होते. मी साधा कागद दाखवला. दीर म्हणाले, "उन्हात टिकायला पायजे. ते चकचकीत हाय न्हवं, ते घाल." ते वसतिगृहाचे आहेत, असं मी सांगितलं का? मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले. दुकानाची जागा दिरांची आहे — पण ते कारण नव्हे. खरं सांगू? एवढी माणसं माझ्या काउंटरशी ताटकळलेली, सगळ्यांचं लक्ष माझ्या मशिनकडे — मला ते आवडलं होतं.

वसतिगृहाचं काम मी मध्येच उरकलं, उरलेल्या जाड स्टिकर-कागदावर. सेटिंग बदललं नाही. बदलायचं तर मशिन आणखी तापेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं असतं. छापून आल्यावर नखाने घासून पाहिलं — 'प'ची कड पूड होऊन नखाला लागली. वरून पारदर्शक टेप मारली असती तरी भागलं असतं. टेप हाताशीच होती. मी स्टिकर पाकिटात घातले आणि देऊन टाकले.

किती दिवस टिकली ती अक्षरं, कोण जाणे. एका सकाळी गयाबाईंनी — तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी — विहिरीच्या ड्रममधून प्यायचे माठ भरले. मुलींना हगवण लागली, उलट्या सुरू झाल्या. एका मुलीला तर नांदेडला न्यावं लागलं. ती वाचली, पण घरच्यांनी तिला परत शाळेत पाठवलंच नाही.

चौकशीला साहेब आले. गयाबाई सांगत होत्या की टँकर आला तेव्हा ड्रम हलवले होते आणि अक्षरं तर आधीच उडाली होती. कुणाला पटेना. मग मला बोलावणं आलं. गयाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमीच छापलं की. पुसलं जातंय म्हणून सांगा यांना."

मी म्हणाले, "लेसरचं छापलेलं पाण्यानं पुसत नसतं, साहेब."

वाक्य खोटं नाही, बघा. कुठल्याही दुकानात विचारा. म्हणून तर ते माझ्या तोंडून इतकं सहज निघालं. साहेब म्हणाले, मग या स्वयंपाकीणबाईनेच मागाहून खरवडलं असणार, स्वतःला वाचवायला. गयाबाईंचं काम गेलं, आणि वर लबाड म्हणून नाव झालं. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. नुसत्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवीन जिल्हा काही झाला नाही. स्टिकर मात्र आहेत — समोरच्या खांबावर, चहाच्या टपरीवर, बँकेच्या भिंतीवर. काउंटरवरून मान वर केली की दिसतात. दुकान सोडून जाऊ कुठे? घरी गेले तर आमच्याही दाराला एक आहे, दिरांनी स्वतः लावलेला.

मागच्या उन्हाळ्यात गयाबाईंच्या गल्लीत गेले. सगळं सांगून टाकायला गेले होते, असं म्हणायला मला आवडलं असतं. नाही — एका बारशाला गेले होते. त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "गेली की लेकीकडं, इस्लापूरला. हितं कोन काम देतंय तिला?"

दारावर स्टिकर होता. आमचाच, मोर्चासाठी छापलेला. अक्षरं काळी कुळकुळीत, कालच छापल्यासारखी. शेजारीण आत गेल्यावर मी नखाने खरवडून पाहिलं. कडसुद्धा हलली नाही.

इस्लापूर काही लांब नाही. दुकानासमोरूनच बस जाते. मी अजून गेलेले नाही.