मागची खोली आणि बत्तिसावं कलम

चाकणजवळचं आमचं गाव मी सोडलं, त्या दिवशी सकाळी रजिस्ट्रार ऑफिसात हक्कसोड पत्रावर सही केली आणि दुपारी नवऱ्यासोबत टेम्पोत बसले. वडील गेल्यावर बहिणीने भावासाठी हक्क सोडायचा, हा आमच्याकडचा रिवाज. वाटा मागणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं म्हणतात. आईने ओटी भरली. दादा टेम्पोपाशी येऊन म्हणाला, "मागली खोली तुजीच हाय. कवाबी ये, कोण इचारणार न्हाई." मी ढसाढसा रडले.

आम्ही राहायला गेलो ते पिंपळे सौदागर तिथून तासाभरावर. नवऱ्याशी भांडण झालं की मला ती खोली आठवायची आणि धीर यायचा. माझी नोकरी इंग्लंडच्या कंपन्यांचे करार तपासायची. प्रत्येक कराराच्या शेवटी तीच ती ठरलेली कलमं येतात. ऑफिसात त्यांना बॉयलरप्लेट म्हणतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकतात. गावी गेले की मी या कामाचा तोरा मिरवायचे. तुमच्यापैकी जे गावाबाहेर पडलेत, त्यांना हा तोरा ठाऊक असेल.

दादाचं घरामागे छोटं वर्कशॉप होतं. तिथे एका इंग्रज कंपनीचा माणूस आला, चहा प्याला आणि पाच वर्षं माल घेऊ म्हणाला. दादा चाळीस पानी करार घेऊन माझ्याकडे आला. मी टीव्ही बघत तो चाळला. "सगळं स्टँडर्ड आहे, कर सही." त्याने कागद देवापुढे ठेवला, सही केली आणि नवं मशीन आणलं.

आठ महिन्यांत कंपनीने एका महिन्याची नोटीस देऊन करार संपवला. दादा धावत माझ्याकडे आला. "पाच वर्सं म्हणला व्हता त्यो, माज्यासमोर!"

मी बत्तिसावं कलम उघडलं. "हे बघ. जे ठरलं ते या कागदात आहे तेवढंच. आधी तोंडी बोललेलं काही धरत नाहीत. दाखव, पाच वर्षं कुठे लिहिलंय?" ही चूक माझी होती. ती कबूल करायचं सोडून मी त्याला ऑफिसात ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांसारखं शिकवलं. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मला बरं वाटत होतं. लिहायलाही लाज वाटते.

वर्कशॉप गेलं. यंदा माझा संसार मोडला. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर होता, म्हणून दोन बॅगा घेऊन मी गावी गेले. मागच्या खोलीच्या दोरीवर चाकणच्या कारखान्यांत कामाला असलेल्या भाडेकरू पोरांचे शर्ट वाळत होते.

"दादा, ही खोली माझी म्हणाला होतास."

तो आत गेला आणि हक्कसोड पत्राची झेरॉक्स घेऊन आला. "म्हणलो व्हतो. आता दाव, यात कुठं लिवलंय?"

आई शेजारी मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, दादाचा करार वाचायला हवा होता तसा. खोली कुठेच नव्हती. "च्या घिऊन जा," दादा म्हणाला, पाहुण्याला म्हणतात तसं.

आता सांगवीत भाड्याने राहते. घर कुठे विचारलं, तर हाच पत्ता सांगते. करार अकरा महिन्यांचा आहे. सहीआधी त्यातली ओळ न् ओळ वाचली. कधी निघायचं, ते त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.