भावजींनी वाढवलेलं वजन

दुपारी शेजारच्या कुसुमकाकूंनी जिन्याखालून हाक मारली, तुमचा सांगलीहून फोन आहे म्हणून. भावजींचा असणार, रविवारी येतो म्हणून सांगायला… मी हसतच रिसीव्हर कानाला लावला, तर तिकडे माझी धाकटी जाऊ. "आक्का, हे गेले वो. चहा पिऊन बसले हुते…" साताऱ्याहून सांगलीला मी किती वेळा गेले असेन, पण त्या दिवशी एसटीत कऱ्हाड कधी मागं पडलं तेही कळलं नाही. त्याला आता दीड महिना होईल.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. फौजेत हवालदार होते. जवानांची कसरत घेणं हेच त्यांचं काम, आणि पेन्शनीत आल्यावर सांगलीच्या एका तालमीत वजनं उचलायला शिकवायचे. माझा त्या जगाशी काय संबंध? पण आमचं घर असं, की नळ खाली अंगणात आणि स्वयंपाकघर वर माडीवर. पाणी आमचे हे चढवायचे. खोटं कशाला सांगू, संसार झाला पण भरल्या बादलीला माझा हात लागला नव्हता. हे गेले आणि मी कळशी कळशीनं पाणी चढवायला लागले, तर पाठच धरली. मुलगा पुण्याहून आला, म्हणाला, "आई, रोज पाणी कोण चढवणार? चल माझ्याकडे, घर विकून टाकू." त्याचं काही चुकत नव्हतं. पण माणूस गेलं, वर घरही गेलं, तर माझं म्हणून काय राहणार होतं?

हे भावजींच्या कानावर घातलं, तर पुढच्या रविवारी पिशवीतून लोखंडी डंबेल्स घेऊन हजर! म्हणाले, "वहिनी, दोन हातात दोन भरल्या बादल्या, मधी कुठं न टेकता वर. तवर मी येत ऱ्हाणार. मग बघू पोरगा कसा न्हेतोय तुमाला."

दोन-तीन प्रकार दाखवून ते गेले आणि मी काय केलं, तर ते सगळं नेमासारखं धरलं. चांगला गुरुवार बघून सुरुवात. रोज आंघोळ झाली, देवपूजा झाली, की पदर खोचून डंबेल्स. तापात सोडलं नाही, एकादशीला निरंकार असतानाही सोडलं नाही. नेम धरल्यावर मोडायचा कसा? खाली नळावर बायका हसायच्या. कुसुमकाकू विचारायच्या, "काय वो, जत्रंत कुस्ती धरायची हाय काय?" मला वाटायचं, हसा… पण महिना झाला तरी बादली तेवढीच जड, वर खांदे दुखून वेणी घालता येईना.

भावजी आले, म्हणाले, करून दाखवा. मी दाखवलं. ते कपाळाला हात लावून बसले. "आवं, हे काय? हिसका देऊन वर, धपकन खाली. आन् रोज?" मी म्हटलं, एक दिवसही चुकवला नाही. "ह्यो नेम न्हवं वहिनी, ह्यो व्यायाम हाय. नेम मोडला तर पाप, आन् व्यायामात सुट्टी न्हाई घेतली तर पाप!" मग आधी वजनच कमी केलं. मला अपमान वाटला, पण हलकं डंबेल सावकाश वर आणि त्याहून सावकाश खाली घ्यायचं, तेव्हा घाम फुटला. हातांचं काम कमी करून पायांचं आणि पाठीचं वाढवलं. दोन हातांत वजन धरून पाटावरून उठायचं, बसायचं. जमिनीवरचं उचलताना गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ. "बादली हातानं न्हाई चढत, मांडीनं चढती," म्हणायचे. शेवटची खेप पहिलीसारखी नीट झाली तरच वजन वाढवायचं, तेही त्यांनी बघून. उपासाला बंद. आणि एक दिवस केलं की दुसरा दिवस सुट्टीचा.

"मग सुट्टीच्या दिवशी मी काय करू?" मी सहज विचारलं हो. पण त्यांनी हातातलं डंबेल खाली ठेवलं. त्यांना कळलं असावं, की मी रोज का करत होते. तेवढा वेळ तरी घरात कुणीतरी काही करतंय असं वाटायचं… म्हणाले, "दादा गेल्यापास्नं मलाबी नुसतं बसाय जमंना वहिनी. शिकू दोघंबी." मग चहा झाला, आणि त्यांच्या दादाचं नाव न काढता आम्ही पावसापाण्याचं बोललो.

हळूहळू वजन वाढत गेलं. एक बादली भरून वर जायला लागली. मग दुसऱ्या हातात पाव, मग अर्धी. मागच्या खेपेला ते जिन्याखाली उभं राहून बघत होते. मी वर पोचले तसे ओरडले, "लय झ्याक! पुढच्या बारीला भरून!"

ती पुढची बारी काही आली नाही. तेराव्याला मुलानं पुन्हा विषय काढला. मी त्याला माझा दंड दाबून बघायला सांगितलं. त्यानं एकदा दाबला, मग पुन्हा दाबून पाहिला. घर विकायचं आता कुणी बोलत नाही.

मी अजून एक दिवसाआड करते. पाणीही चढवते, उजवी बादली काठोकाठ आणि डावी अर्धी. डावीही भरता येईल. हाताला ते कधीच कळलंय. पण दोन्ही भरून वर पोचले, की ते म्हणाले होते ते पुरं होणार, आणि मग त्यांचं इथं यायचं काही कामच उरणार नाही… म्हणून नळ मी अर्ध्यावरच बंद करते.