हाकेवर सरकणारी काच

खेळ चालू असताना मुलुंडच्या दत्ताराम परबांना बायकोचा चेहरा कधीच दिसला नाही. ते पडद्यामागे, रुक्मिणीबाई पुढे. मध्ये पाणी मारून ताणलेलं धोतर. ओल्या कापडातून मागचं चित्र पुढे स्वच्छ उतरतं.

जादूचा कंदील दत्तारामांच्या वडिलांचा. लाकडी पेटी, आत दिवा, तोंडाशी भिंग आणि हाताने रंगवलेल्या काचा. वर्षभर कापडगिरणीत साच्यावर उभा राहणारा तो माणूस गणपतीत चाळीचाळींतून खेळ करायचा. लोक चटया टाकून जागा धरायचे. पुढे मंडळं रस्त्यावर सिनेमा दाखवू लागली, मग व्हिडिओ आला, आणि चटया तिकडे गेल्या. दत्ताराम तरीही मुलुंड-घाटकोपरला जमेल तिथे पेटी नेत राहिले.

वडिलांची एकच शिस्त होती. मागच्याने आपल्या मनाने काच सरकवायची नाही, पुढून हाक आली तरच. काचेत गजेंद्र हत्तीचा पाय मगरीने धरलेला असे. रुक्मिणीबाई गोष्ट ताणत न्यायच्या, पोरं रडकुंडीला यायची, तेव्हा कुठे म्हणायच्या, "धाव रे देवा." त्या शब्दावर गरुडावरचा विष्णू आत सरके. घाटकोपरला एकदा दत्तारामांना डुलकी लागली, तर बाई लोकांना म्हणाल्या, "देव आमच्या ह्यांच्यावर गेलाय. सगळ्यांनी ओरडा, त्याशिवाय उठायचा नाही."

यंदा होळीनंतर रुक्मिणीबाईंची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काही ऐकवत राहा, बोलतं करा. दत्तारामांनी बाईंच्या गावच्या बहिणीला फोनवर बोलायला लावलं, नातलगांची नावं विचारून पाहिली, आरत्या म्हटल्या. बाई नुसत्या बघायच्या. दत्ताराम नीट जेवेनासे झाले. मुलगी रेवती समजवायची, तरी ते ताट सारून उठायचे.

एका दुपारी रेवती औषधं आणायला बाहेर पडली, तशी त्यांनी माळ्यावरची पेटी उतरवली. खिडक्यांना चादरी लावल्या, धोतर भिजवून बांधलं. बाईंना उशांच्या आधाराने समोर बसवलं आणि मागे जाऊन दिवा लावला. केव्हातरी पेटीत हॅलोजन बसवला होता. त्याच्यापुढे काच फार वेळ ठेवली की रंग उकलतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

गोष्ट त्यांनीच सांगितली, घोगऱ्या आवाजात. गजेंद्र सोंड उंचावून उभा राहिला.

"बोल गो. तू बोललंस की सोडतंय तेका."

पलीकडून काही आलं नाही. त्यांचा हात विष्णूच्या काचेवर होता. सरकवली असती तर खेळ पुढे गेला असता, पण मग तिला बोलायला कारण उरलं नसतं. ते थांबले. तळ्याचा निळा रंग फुगू लागला. मगर वितळून हत्तीच्या पायात मिसळली.

"रुक्मिणी, जळता बघ. एक शब्द गो."

दार उघडलं. करपट वासाने रेवती धावत आत आली आणि जागीच थबकली.

"बाबा, आधी ते बंद करा. आई हात करतेय तुम्हाला."

ते धोतर सारून पुढे आले. रुक्मिणीबाईंचा डावा हात वर होता. बोटं हलत होती, पुढे, पुढे. चेहरा घामाने निथळत होता. केव्हापासून करत होत्या, कुणास ठाऊक.

"माका मागसून दिसणा नाय गो," दत्ताराम म्हणाले आणि खालीच बसले.

रेवतीने बटण बंद केलं. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. अंधारात, त्यांच्या मुठीत, बोटं हलतच राहिली.