बाळाबाईनं रिकामी सोडलेली ओळ

माझी बाळामावशी सात वर्षं एका मेलेल्या माणसाबरोबर गायली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत कुणीपण सांगेल आणि वर दहा गोष्टी जोडून सांगेल. मी तेवढंच लिहिणार जेवढं तिनं स्वतः सांगितलं आणि जेवढं माझ्या आईनं, अक्काताईनं सांगितलं. आई तिची थोरली बहीण. दोघी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या.

वखारीत सकाळी चाळणी हातात घेतली की दिवस मावळेपर्यंत नुसती धूळ. बायका तोंडाला पदर बांधून गाणी म्हणायच्या, न्हायतर दिवस सरायचाच न्हाय. एकीनं एक ओळ, समोरच्या रांगेतलीनं दुसरी, प्रत्येकीची ओळ ठरलेली. आणि त्या वखारीची एक रीत होती. एखादी बाई वारली की दुसऱ्या दिवशी तिची ओळ आली की सगळ्यांनी गप्प राहायचं. तेवढा वेळ नुसता चाळण्यांचा आवाज. मग गाणं पुढं. पण हे एकच दिवस! तिसऱ्या दिवशी ती ओळ दुसरीला द्यायचीच द्यायची. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "एक दिस तिचा. जास्ती दिस जागा ठिवली तर ती बसायला ईल की गं."

त्या धुळीनं मावशीचा आवाज जाड झाला होता, खरबरीत, पोटातनं येणारा. १९७३ साली जयंतीच्या कार्यक्रमात ती गायली आणि चित्रतारा ऑर्केस्ट्राच्या नागोजी मास्तरनं तिथंच विचारलं, "बाई, आमच्या टेंपोत बसतीस काय?"

"पोटाला घालशिला न्हवं?"

"घालतो की."

"मग बसतो."

झालं. एवढ्यावर वखार सुटली.

ऑर्केस्ट्रात गाणारा गडी होता मष्णू, बेळगावच्या खासबागचा. दिवसा कापडाच्या मागावर काम. मागाच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळं त्याचा आवाज असला मोठा की कर्णा फाटंल. मावशी त्याला 'मागवाला' म्हणायची आणि तो तिला 'वखारवाली'. दोघांचं एक जोडगाणं होतं, मास्तरनंच बांधलेलं. ती म्हणायची, "पाय थांबंना माझं ढोलक्या रं", आणि तो म्हणायचा, "थांबवू नगं गं, मी हाय म्होरं." एवढंच, फिरून फिरून, दर वेळी जलद. जत्रा असो, हळद असो, त्या गाण्याला म्हातारीकोतारी उठून नाचायची. आई म्हणते, ते गाणं सुरू झालं की अंगाला कापरं भरायचं, पाय आपले राहायचे न्हाईत.

पण त्या गाण्यात मष्णू तिला झाकून टाकायचा. लोक त्याच्याच नावानं शिट्ट्या मारायचे. फेब्रुवारी एकोणऐंशीत संकेश्वरला कार्यक्रम होता, आणि मावशीनं माइकवाल्या रवळूला बाजूला घेतलं. "जोडगाण्याला त्याचं बटण जरा खाली कर. जरासंच. माझं बी ऐकू दे की लोकास्नी."

रवळूनं केलं, पण जरासं न्हाय, लईच खाली केलं. मष्णू शिरा ताणून म्हणतोय आणि लोकांपर्यंत काय पोचतच न्हाय. पोरं हसायला लागली. "आवाज बसला वाटतं मागवाल्याचा!" कार्यक्रम संपल्यावर त्यानं कुणालाच काय विचारलं न्हाय. टेंपोत बसला न्हाय. "मी एसटीनं येतो," म्हणून मोठ्या रस्त्याकडं चालत गेला. ट्रकनं उडवलं. जागेवरच.

मावशीनं बटणाचं कुणाला सांगितलं न्हाय. रवळूनंपण न्हाय.

पुढच्या कार्यक्रमाला तिनं मास्तरला वखारीची रीत सांगितली. त्याचा माइक उजवीकडं उभा ठेवायचा, त्याची ओळ आली की फक्त ढोलकी. मास्तर रडला. म्हणाला, लई चांगलं. आणि त्या दिवशी खरंच चांगलं झालं. चूक झाली ती नंतर. एक दिवसाची रीत होती आणि मावशीनं ती मोडली. दुसऱ्या कार्यक्रमालाही ओळ रिकामी. तिसऱ्यालाही. मास्तरनं नवीन गडी आणला तर ही स्टेजवरच चढेना.

"त्येची जागा हाय ती," म्हणाली.

मग कडोलीला एका लग्नात नवऱ्याचा काका जेवताना म्हणाला, "बाई, तुमच्यासंगं गाणारा गडी कुठं गेला? त्याला पान वाढा की. लई खडा आवाज हाय बाबा त्याचा."

मावशीचा घास हातातच राहिला.

पुढं तर हे सगळीकडं व्हायला लागलं. लोकांना काय माहीत तो मेलाय म्हणून! स्टेजवर एकच बाई दिसतेय हे पण नाचताना कुणाच्या ध्यानात येत नसे. कार्यक्रम झाल्यावर कुणीतरी यायचंच. गडी दिसत न्हाय, कुठं बसवलाय, पडद्यामागं काय? मास्तरला ऐकू आलं. ढोलकीवाल्याला ऐकू आलं, तो दुसऱ्या दिवसापासनं आलाच न्हाय, दुसरा आणावा लागला. शेवटी मावशीनं आईला नेलं, आपली बहीण तरी खोटं बोलणार न्हाय म्हणून. आईनं ऐकलं आणि घरी येईपर्यंत मावशीचा हात सोडला न्हाय.

"आलं काय ऐकू?"

"आलं."

"कसा म्हणतोय?"

"बाळे, तुला येत न्हाय व्हय?"

न्हाय यायचं. सगळ्या गावाला यायचं, हिला तेवढं न्हाय. तिच्या कानाला नुसती ढोलकी. आणि तिला फक्त एकदा ऐकायचं होतं, बस! एकदा ऐकू आलं म्हणजे त्यानं माफ केलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. म्हणून ती गात राहिली, तापात गायली, घसा फुटेपर्यंत गायली. कार्यक्रम वाढतच गेले, चित्रताराची बाई म्हणून नाव झालं, आणि ही प्रत्येक ठिकाणी आपली ओळ म्हणून मान उजवीकडं करून थांबायची. फोटो आहे एक आमच्याकडं. गातेय असं वाटतच न्हाय. दाराशी कुणाची तरी वाट बघत उभी राहिल्यासारखी दिसते.

शहाऐंशी साली येळ्ळूरला कुस्त्यांच्या आधी कार्यक्रम होता, दुपारी चारला, लख्ख उन्हात. मावशी रवळूला म्हणाली, "आज त्येचं बटण पुरं वर कर. माझं बंद कर हवं तर."

रवळू वायर गुंडाळत होता. तसाच थांबला. म्हणाला, "बाई, त्येचा माइक मी जोडतच न्हाय गं. तो गेल्यापासनं. वायर खालीच पडल्याली असती. मला भ्या वाटतंय."

ती तडक स्टेजवर गेली. हजारभर माणूस असेल, आई पुढच्या रांगेत. जोडगाणं सुरू झालं, धूळ उडायला लागली, पोरं खांद्यावर चढून नाचायला लागली. तिनं ओळ म्हटली, मान वळवली, थांबली. लोक हेलकावतायत, शिट्ट्या मारतायत, जो ऐकू येतोय त्याच्यावर खूश होतायत. आणि मधेच तिनं हात वर करून ढोलकी थांबवली.

"संकेश्वरात ह्येंचा आवाज मी कमी करवला," ती माइकवर म्हणाली. "मी सांगितलंतं रवळूला. ह्येंची काय चूक नव्हती. मला पुढं यायचं होतं. मला माफ करा, मष्णूराव."

 आई म्हणते, आधी लोक तिच्याकडं बघत होते, आणि मग एकदम सगळ्यांनी मान उजवीकडं फिरवली. एकाच वेळी. खांद्यावरची पोरंपण. आणि हजार माणूस त्या मोकळ्या माइककडं बघत ऐकत राहिलं. अर्धा मिनिट असेल, एक असेल. काही बायका रडायला लागल्या. एका पैलवानानं डोक्याचा फेटा काढला. मग सगळ्यांनी खाली बघितलं.

मावशीला काय ऐकू आलं न्हाय. लांब कुठंतरी कुत्रं भुंकत होतं तेवढं.

"काय म्हणाला?" तिनं माइकवर विचारलं. कुणी बोललं न्हाय. ती स्टेजवरनं उतरली, पहिल्या रांगेतल्या म्हातारीचे दोन्ही हात धरले, "आजे, काय म्हणाला गं?" म्हातारीनं पदर तोंडाला लावला. रवळू मशीनमागं जाऊन बसला. मास्तर बघेना. लोक कडेकडेनं उठून जायला लागले. मग ती आईकडं आली.

"आक्के, तू तर सांग."

आई म्हणाली, "घरला चल."

त्यानंतर कुणालाच कधी काय ऐकू आलं न्हाय. नवीन गडी आला, ओळ भरली, पण ते गाणं नंतर कुणी नाचलं न्हाय आणि मावशी परत वखारीत गेली. आता तिथं गप्प काम करते. येळ्ळूरचं कुणी बाजारात भेटलं की त्याच्या मागं मागं जाते, "तुमी होतासा न्हवं त्या दिशी?" माणसं रस्ता बदलतात.

मला राग यायचा. खरंच लई राग यायचा. परवा मी आईला धरलंच. म्हटलं, तू सख्खी बहीण ना तिची, शिवी दिली असंल त्यानं तर शिवी सांग, माफ केलं असंल तर ते सांग, पण सांग की एकदा! मावशी मागच्या दारात धुणं वाळत घालत होती.

भाकरी थापता थापता आईनं मागच्या दाराकडं बघितलं. ती हळू बोलली, मावशीला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"सांगितलं असतं गं. पण तिला सांगू नगा, असं तोच म्हणाला."